गरम इंजिन थरथरते तेव्हा : आयडलिंगमधला दोष शोधण्याची क्रमवार रीत

सकाळी गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते आणि पहिली तीन-चार मिनिटे इंजिन अगदी व्यवस्थित चालते. मग सात-आठ किलोमीटर गेल्यावर एखाद्या मोठ्या सिग्नलला थांबलो की स्टिअरिंग हातात थरथरू लागते, आरशातली मागची गाडी हललेली दिसते आणि एसी लावला तर इंजिन बंद पडते की काय अशी धाकधूक वाटते. गाडी पुढे निघाली की यातले काहीही उरत नाही. गॅरेजच्या भाषेत याला ‘गाडी स्लोवर मिसिंग मारते’ असे म्हणतात. ‘स्लो’ किंवा आयडलिंग म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता उभ्या गाडीचे इंजिन चालणे, आणि ‘मिसिंग’ किंवा मिसफायर म्हणजे सिलिंडरमधला एखादा स्फोट चुकणे. ज्यांनी आजवर बोनेट फक्त पाणी भरण्यापुरते उघडले आहे, पण आपल्या गाडीचे दुखणे समजून घेण्याची ज्यांची इच्छा आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. तो पेट्रोलवर किंवा पेट्रोल-सीएनजीवर चालणाऱ्या, इंजेक्टर (इंधन फवारणारा भाग) असलेल्या गाड्यांपुरता आहे. डिझेल इंजिनाची कारणे वेगळी असतात आणि ती येथे घेतलेली नाहीत.

या तक्रारीवर सहसा होणारा उपचार म्हणजे आधी प्लग बदलणे, तेवढ्याने भागले नाही तर प्लगला ठिणगीची वीज पुरवणारी कॉईल बदलणे, मग इंजेक्टर साफ करणे आणि शेवटी ‘ईसीयू (इंजिनाचा संगणक) गेला असेल’ असे म्हणणे. या रीतीने दोष सापडला तरी तो योगायोगाने सापडतो आणि तोवर चांगले भाग निघून गेलेले असतात. सुटा भाग विकत घेण्याआधी दोष कोणत्या दिशेला आहे हे इंजिनाकडूनच काढून घेता येते, आणि त्याची पहिली खूण तक्रारीतच असते : इंजिन थंड असताना चांगले चालते.

थंड इंजिन आणि गरम इंजिन यांत काय बदलते

थंड इंजिनात पेट्रोलची पुरेशी वाफ होत नाही आणि त्याचा काही भाग मॅनिफोल्डच्या (सिलिंडरमध्ये हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) व सिलिंडरच्या गार भिंतींना चिकटून राहतो. म्हणून ईसीयू सुरुवातीला गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडतो आणि इंजिनाचा वेग १२०० आरपीएमच्या आसपास ठेवतो. कूलंटचे, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचे, तापमान वाढत जाते तसे हे जादा पेट्रोल कमी होते, वेग साधारण ७०० ते ८५० आरपीएमवर उतरतो आणि सुमारे ३०० अंशांपर्यंत तापलेल्या, धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून ईसीयू मिश्रण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल या प्रमाणाजवळ राखू लागतो. पेट्रोलचा आणि वेगाचा जो उदार हात सकाळी होता, तो आता राहत नाही. कुठून तरी चोरून येणारी हवा, गरम झाल्यावर अशक्त होणारी कॉईल किंवा नीट न बसणारा व्हॉल्व्ह थंडीत या उदारपणाखाली झाकला जातो आणि इंजिन गरम झाल्यावर उघडा पडतो.

दोष आयडलिंगवरच का जाणवतो याचेही कारण आहे. ७५० आरपीएमवर प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ३७५ वेळा, म्हणजे सेकंदाला सुमारे सहा वेळा पेटतो. यातला एखादा स्फोट चुकला तर त्याचा धक्का वेगळा ओळखू येतो. ३००० आरपीएमवर तो इतरांत मिसळून जातो. शिवाय आयडलिंगला थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेची वाट उघडझाप करणारी पाकळी, जवळजवळ बंद असल्याने इंजिन इतकी थोडी हवा घेते की तीन-चार मिलिमीटरच्या भोकातून येणारी जादा हवाही हिशेब बिघडवते.

काम सुरू करण्याआधी

गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलमध्ये (ऑटोमॅटिक असल्यास ‘पी’वर) ठेवावा आणि चाकांना विटा लावाव्यात. बंद गॅरेजमध्ये किंवा सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून हे काम कधीही करू नये, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही आणि जीव घेतो. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून ओढणी, सैल बाह्या, गळ्यातली साखळी आणि मोकळे केस त्याच्यापासून दूर ठेवावेत. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. सीएनजीच्या गाडीत जाड भिंतीच्या धातूच्या नळीतून सुमारे २०० बार दाबाचा वायू असतो. त्या नळीच्या जोडांना घरी पाना लावू नये.

पहिली पायरी : थरथर कोणत्या प्रकारची आहे ते ठरवणे

ही पायरी बहुतेक जण वगळतात आणि माझ्या मते सर्वांत मोलाची तीच आहे. गाडी अर्धा तास चालवून पूर्ण गरम करावी, इंजिन चालू ठेवून खाली उतरावे आणि पाच मिनिटे फक्त ऐकावे व पाहावे. सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर वर्तमानपत्राचा तुकडा धरला तर निरोगी इंजिनाचा कागद एका लयीत फडफडतो.

कागदाच्या फडफडीत ठरावीक अंतराने खंड पडत असेल आणि प्रत्येक खंडाबरोबर इंजिनाला झटका बसत असेल, तर एकच सिलिंडर नीट काम करत नाही असे समजावे. त्याची कारणे प्लग, कॉईल, इंजेक्टर किंवा त्या एका सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आत दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब) यांत असतात. आरपीएमचा काटा ६०० ते १००० दरम्यान लाटेसारखा वरखाली होत असेल, तर सगळ्या सिलिंडरना मिळणाऱ्या हवेच्या किंवा पेट्रोलच्या प्रमाणात घोळ आहे : चोरून येणारी हवा, घाण झालेली थ्रॉटल बॉडी किंवा खोटे सांगणारा सेन्सर. आणि काटा स्थिर आहे, कागदाची लय पक्की आहे, फक्त गाडीचा सांगाडा थरथरतो, असे असेल तर दोष बहुधा इंजिनात नसून ते ज्या रबरी माउंटिंगवर बसवलेले असते त्यात असतो. तीन सिलिंडरची इंजिने मुळातच चार सिलिंडरपेक्षा जास्त हलतात. तशी गाडी असेल तर ओळखीतल्या कोणाची त्याच मॉडेलची गाडी पाच मिनिटे शेजारी उभी करून तुलना करावी.

एका वहीत कूलंटचा काटा कुठे होता, एसी चालू होता की बंद, गाडी पेट्रोलवर होती की सीएनजीवर आणि मिसिंग किती मिनिटांनी सुरू झाले, हे सगळे लिहून ठेवावे. ‘कधीकधी होते’ या तक्रारीवर कोणताही कारागीर नेमके काम करू शकत नाही. ‘बारा मिनिटांनी, एसी बंद असताना, फक्त सीएनजीवर’ या तक्रारीवर करू शकतो.

दुसरी पायरी : डोळ्यांना दिसणारे दोष

इंजिन बंद आणि कोमट असताना एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरावा. फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतच्या जाड पाईपच्या घड्या हाताने ताणून त्यात चीर आहे का ते पाहावे, कारण ही चीर घडीच्या आत लपते. बॅटरीचे टर्मिनल आणि इंजिनापासून बॉडीला आलेली अर्थिंगची पट्टी घट्ट आहेत का ते पाहावे. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या थंडीत उंदीर ऊब शोधत बोनेटखाली शिरतात आणि वायरिंग व रबरी पाईप कुरतडतात. इंजिनाच्या वर लेंड्या किंवा चिंध्या दिसल्या तर प्रत्येक वायर हाताने चाचपून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तिसरी पायरी : ईसीयू काय म्हणतो ते वाचणे

भारतात एप्रिल २०१३ पासूनच्या प्रवासी गाड्यांत ओबीडी-२ ही निदानप्रणाली बंधनकारक आहे, आणि तिचा १६ पिनांचा सॉकेट स्टिअरिंगखाली डॅशबोर्डच्या कडेला असतो. त्यात बसणारा छोटा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइलमधले ॲप एवढ्यावर काम भागते. त्याआधीच्याही बऱ्याच गाड्या या स्कॅनरला उत्तर देतात.

आधी ईसीयूत साठलेले दोषांचे कोड वाचून वहीत उतरवावेत आणि लगेच पुसून टाकू नयेत. पी०३०० म्हणजे वेगवेगळ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. पी०३०१, पी०३०२ असे असेल तर शेवटचा आकडा सिलिंडरचा क्रमांक सांगतो. पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त आणि पी०१७२ म्हणजे पेट्रोल जास्त. कोडने भागाचे नाव घेतले म्हणजे तो भाग खराब आहे असे नाही. पी०१७१ आला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलणारे अनेक आहेत, पण त्या सेन्सरने फक्त खरी बातमी दिलेली असते.

कोडपेक्षाही उपयोगी असते ती चालू इंजिनाची माहिती. त्यातले पहिले कूलंटचे तापमान. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची सकाळी फक्त चावी फिरवली तर कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान दोन-चार अंशांच्या फरकाने सारखे दिसले पाहिजे, आणि पूर्ण गरम झाल्यावर कूलंट साधारण ८५ ते ९५ अंशांवर टिकले पाहिजे. कूलंटचा सेन्सर गरम इंजिनालाही ४० अंश म्हणत असेल, तर ईसीयू ते थंड समजून जादा पेट्रोल सोडत राहतो, प्लग काजळतात, सायलेन्सरला कच्च्या पेट्रोलचा वास येतो आणि इंजिन जड लयीत चालते. या सेन्सरचा रोध तापमानाबरोबर घटतो. बहुतेक गाड्यांत तो २०-२५ अंशांना दोन ते अडीच हजार ओहम आणि ९० अंशांना दोन-तीनशे ओहमच्या आसपास असतो, आणि साध्या मल्टिमीटरने मोजता येतो. येथे एक गोष्ट आग्रहाने सांगतो : ‘गाडी तापू नये म्हणून’ थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान पाहून कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, काढून टाकण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे आणि ती चुकीची आहे. तशा गाडीचे इंजिन योग्य तापमानाला पोहोचतच नाही आणि पेट्रोल विनाकारण जळत राहते.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे फ्युएल ट्रिम. ईसीयूने ठरलेल्या हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवले किंवा घटवले, हे हा आकडा सांगतो. अल्पकालीन आणि दीर्घकालीन अशा दोन आकड्यांची बेरीज उणे ५ ते अधिक ५ यांच्या दरम्यान असेल तर काळजी नसते. अधिक १० च्या पुढे गेली तर हवा जास्त येते आहे किंवा पेट्रोल कमी पडते आहे. ही बेरीज आधी आयडलिंगला आणि मग २५०० आरपीएम धरून ठेवून नोंदवावी. आयडलिंगला १८ आणि रेस दिल्यावर ४ असे दिसले, तर हवा चोरून येते आहे, कारण रेस दिल्यावर एकूण हवा इतकी वाढते की चोरीचा वाटा नगण्य होतो. उलट आयडलिंगला ठीक आणि रेस दिल्यावर वाढत जाणारी बेरीज पेट्रोलचा दाब कमी पडल्याची खूण असते. दोन्हीकडे सारखीच सहा-आठ टक्के वाढ दिसली आणि गाडी जुनी असेल, तर ती २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळेही असू शकते. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून ईसीयूला तेवढे इंधन वाढवावे लागते.

मात्र ही परीक्षा हवेचा प्रवाह मोजणारा सेन्सर असलेल्या गाड्यांत स्पष्ट उतरते. आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्या हवा थेट मोजत नाहीत, तर मॅनिफोल्डमधल्या दाबावरून तिचा अंदाज करतात, त्यासाठीच्या सेन्सरला ‘मॅप’ म्हणतात. तेथे चोरून आलेल्या हवेने दाब वाढतो, ईसीयू त्या प्रमाणात पेट्रोलही वाढवतो आणि ट्रिम फारशी हलत नाही. अशा गाडीत मॅपचा आकडाच पाहावा. इंजिन बंद ठेवून चावी फिरवल्यावर तो बाहेरच्या हवेइतका असतो : मुंबईत सुमारे १०० किलोपास्कल, पुण्यात ९५ च्या आसपास, महाबळेश्वरला त्याहूनही कमी. गरम आयडलिंगला, एसी बंद असताना, तो साधारण ३० ते ४० दरम्यान यायला हवा. ५० च्या आसपास रेंगाळत असेल तर हवा चोरून येते आहे किंवा व्हॉल्व्ह वेळेवर व पूर्ण बंद होत नाहीत.

चौथी पायरी : चोरून येणारी हवा शोधणे

थ्रॉटलच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला, जे जे रबर आहे त्या सगळ्यावर संशय घ्यावा : ब्रेक दाबायला मदत करणाऱ्या बूस्टरकडे जाणारा जाड पाईप, इंजिनातली वाफ परत मॅनिफोल्डमध्ये नेणारा पीसीव्हीचा पाईप, पेट्रोलची वाफ आणणारा पर्ज व्हॉल्व्हचा पाईप, इंजेक्टरच्या बुडाची रबरी रिंग आणि मॅनिफोल्डचे गॅस्केट. यातल्या प्रत्येक पाईपला पक्कडीच्या तोंडाला जाड कापड गुंडाळून, इंजिन चालू असताना, क्षणभर चिमटावे. पर्जचा पाईप चिमटल्यावर इंजिन एकदम शांत झाले तर पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे. पीसीव्हीचा पाईप चिमटल्यावर तसे झाले तर दोष त्या व्हॉल्व्हमध्ये किंवा त्यापलीकडे आहे. ब्रेक बूस्टरचा पाईप चिमटण्याची परीक्षा फक्त उभ्या गाडीवरच करावी आणि पक्कड लगेच काढावी. ब्रेक दाबून धरताच आयडलिंग बदलत असेल आणि पायाशी फुसफुस ऐकू येत असेल तर बूस्टरचा पडदा फाटलेला असतो, आणि मग तो प्रश्न आयडलिंगचा न राहता सुरक्षेचा होतो.

जोडांवरची गळती शोधायला झाडांवर फवारायच्या बाटलीतून पाण्याचा बारीक फवारा मारावा. पाणी भेगेत ओढले गेले की इंजिनाची चाल क्षणभर बदलते. पाणी कॉईल आणि कनेक्टरवर जाऊ देऊ नये. गॅरेजमध्ये याच कामासाठी कार्ब्युरेटर क्लीनर फवारतात. तप्त एक्झॉस्टवर तो पडला तर पेटतो, म्हणून नवख्याने ती पद्धत वापरू नये. फवाऱ्याने सापडले नाही तर स्मोक टेस्टची यंत्रणा असलेल्या गॅरेजमध्ये जावे. मॅनिफोल्डमध्ये धूर भरला की भेग स्वतःच दिसते.

माझ्या चार सिलिंडरच्या गाडीत नेमके हेच होते. एका वर्कशॉपने प्लग आणि दोन कॉईल बदलल्या, इंजेक्टर साफ केले, आणि गाडी तशीच थरथरत घरी आली. स्कॅनरवर आयडलिंगची ट्रिम अधिक १८ आणि रेसवर अधिक ४ दिसली, तेव्हा मी पाईप एकेक करून चिमटायला घेतले. पीसीव्हीचा पाईप मॅनिफोल्डकडे वळतो त्या कोपऱ्याच्या खालच्या अंगाला हात गेला तर रबर बोटाला तेलकट आणि बरेच मऊ लागले; वरून तो पाईप काळा, चकचकीत, नवा दिसत होता. क्लिप सैल करून तो बाहेर काढला आणि अंगठ्याने वाकवला, तेव्हा आतल्या बाजूला दोन सेंटिमीटरची चीर ओठांसारखी उघडली आणि सोडला की पुन्हा मिटली. तेलाच्या वाफेने वर्षानुवर्षे मऊ झालेले ते रबर गरम झाल्यावर आणखी सैल पडत होते आणि मॅनिफोल्डच्या ओढीने उघडत होते. नवा पाईप बसवला, चाळीस किलोमीटर गाडी चालवली, आणि ट्रिम अधिक ३ वर आली. तेव्हापासून मी डोळ्यांना चांगला दिसणारा कोणताही रबरी पाईप वाकवून पाहिल्याशिवाय चांगला म्हणत नाही, आणि वाचकांनीही म्हणू नये.

पाचवी पायरी : थ्रॉटल बॉडी

थ्रॉटलच्या पाकळीच्या कडेला काजळीची काळी कड जमली की आयडलिंगची हवा अडते. पाईप काढून टॉर्चने पाहावे, थ्रॉटल क्लीनर फडक्यावर घेऊन पाकळी व भोवतालची भिंत पुसावी. पाकळी इलेक्ट्रॉनिक असेल तर चावी बंद ठेवावी आणि ती बोटाने जोर लावून उघडू नये, कारण तिचे प्लास्टिकचे गिअर नाजूक असतात. जुन्या गाडीत आयडल व्हॉल्व्ह वेगळा असतो, तोही काढून पुसता येतो. हवा मोजणाऱ्या सेन्सरवर थ्रॉटल क्लीनर कदापि फवारू नये. त्याचा क्लीनर वेगळा मिळतो. सफाईनंतर आयडलिंग काही काळ चढे राहिले तर घाबरू नये. ईसीयूने काजळी गृहीत धरून पाकळीची जागा ठरवलेली असते आणि ती त्याला पुन्हा शिकावी लागते. काही गाड्या हे आपोआप करतात, काहींना स्कॅनरने शिकवावे लागते. थ्रॉटलच्या स्टॉपचा स्क्रू फिरवून ‘स्लो वाढवणे’ हा उपाय नव्हे. दोष त्याने झाकला जातो आणि पुढे शोधणाऱ्याचे काम अवघड होते.

सहावी पायरी : एकच सिलिंडर दोषी असेल तर

गरम इंजिन आयडलिंगला ठेवून एकेका इंजेक्टरचा विजेचा कनेक्टर काढावा आणि परत लावावा. चांगल्या सिलिंडरचा कनेक्टर काढल्यावर आरपीएम स्पष्ट घसरतो. ज्याचा काढूनही काही फरक पडत नाही तो दोषी. चालू इंजिनाच्या प्लगची वायर किंवा कॉईल ओढून ही परीक्षा करणाऱ्यांचे अनुकरण करू नये. त्यात हजारो व्होल्टचा झटका बसतो, आणि न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळतो.

दोषी सिलिंडर सापडला की भाग विकत न घेता अदलाबदल करावी. समजा दुसरा दोषी आहे. त्याची कॉईल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावावी. गाडी गरम झाल्यावर मिसिंग तिसऱ्याकडे गेले तर कॉईल दोषी ठरली. कॉईलच्या आतली बारीक तार किंवा तिचे आवरण तापल्यावर दगा देते आणि गार झाल्यावर पुन्हा काम करते, म्हणून टेबलावर मोजलेली गार कॉईल चांगलीच निघते. मिसिंग जागचे हलले नाही तर प्लगची अदलाबदल करावी, मग इंजेक्टरची. प्लग थंड इंजिनातूनच काढावा, कारण गरम ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे ओरबाडले जातात. फिका तपकिरी प्लग चांगला. कोरड्या काजळीचा प्लग जादा पेट्रोलची, ओला तेलकट प्लग इंजिनातल्या ऑइलची आणि पांढराफटक प्लग जादा हवेची खबर देतो. फट कंपनीने सांगितली असेल तीच ठेवावी. बहुतेक गाड्यांत ती ०.८ ते १.१ मिलिमीटर असते. बसवताना आधी हाताने आटे पकडू द्यावेत आणि शेवटीच पाना लावावा.

सीएनजीच्या गाड्यांसाठी

मुंबई-पुणे पट्ट्यात या तक्रारीच्या गाड्यांत सीएनजीच्या पुष्कळ असतात, म्हणून हे स्वतंत्र सांगणे गरजेचे आहे. गरम गाडी आयडलिंगला असताना बटण दाबून पेट्रोलवर घ्यावी. पेट्रोलवर थरथर गेली तर दोष गॅसच्या फिल्टरमध्ये, रेग्युलेटरमध्ये, गॅसच्या इंजेक्टरमध्ये किंवा ट्यूनिंगमध्ये आहे आणि ते काम अधिकृत सीएनजी केंद्राचे आहे. पण त्याआधी प्लग आणि कॉईल तपासाव्यात, कारण गॅसचे मिश्रण पेटवायला जास्त व्होल्टेज लागते आणि म्हातारी झालेली कॉईल सर्वांत आधी सीएनजीवर चुकते.

दोन्ही इंधनांवर थरथर तशीच राहिली, तर टॅपेटकडे, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या भागाकडे, वळावे. सीएनजीवर बरीच वर्षे धावलेल्या इंजिनात धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ज्या कड्यावर बसतो ते कडे झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो आणि टॅपेट आणि व्हॉल्व्ह यांमधली फट कमी होत जाते. इंजिन तापले की व्हॉल्व्हची दांडी लांबते, उरलेली फटही संपते आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. मग आयडलिंगला कॉम्प्रेशन गळते, पण रेस दिल्यावर गळायला वेळच कमी मिळतो, म्हणून दोष लपतो. सकाळी चांगले, गरम झाल्यावर वाईट आणि रस्त्यावर पुन्हा चांगले, ही या दोषाची ठळक चाल आहे. फट फीलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी, कंपनीने सांगितलेल्या तापमानाला मोजतात. अनेक इंजिनांत थंड असताना एक्झॉस्टची फट ०.२५ ते ०.३ मिलिमीटरच्या आसपास ठेवलेली असते. हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबाने फट आपोआप भरून काढणारे) असलेल्या इंजिनात हे काम नसते. टॅपेट शांत झाले म्हणजे ते चांगले, हा समज धोक्याचा आहे, कारण फट संपत आलेले टॅपेटही शांतच असते.

सातवी पायरी : कॉम्प्रेशन

एवढ्यावरही एक सिलिंडर उभा राहत नसेल तर गॅरेजमध्ये गरम इंजिनावरच कॉम्प्रेशन मोजून घ्यावे आणि तसे स्पष्ट सांगावे. थंड इंजिनावर घेतलेले माप या तक्रारीत फसवते. पेट्रोल बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि बॅटरी भरलेली असताना निरोगी इंजिन साधारण १० ते १३ बार दाखवते, पण आकड्यापेक्षा सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा आहे आणि तो १०-१५ टक्क्यांच्या आत असावा. कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजले आणि आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, चढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. हे हेड उघडण्याचे काम आहे. तेथे नवख्याने थांबावे आणि वहीतल्या नोंदी चांगल्या कारागिराच्या हाती द्याव्यात.

दुरुस्तीनंतर

दोष दूर झाला असे वाटल्यावरच कोड पुसावेत. मग गाडी शहरात आणि मोकळ्या रस्त्यावर मिळून तीस-चाळीस किलोमीटर चालवावी, म्हणजे ईसीयू नवी सवय लावून घेईल. घरी परतल्यावर इंजिन बंद न करता दहा मिनिटे आयडलिंगला ठेवावे, त्यातली पाच मिनिटे एसी लावून, आणि कूलंटचे तापमान, आरपीएम, ट्रिम किंवा मॅप व वर्तमानपत्राच्या कागदाची लय पहिल्या दिवसाच्या नोंदींशेजारी लिहावी. एसीचा कॉम्प्रेसर लागताना क्षणभर होणारी घसरण आणि पाठोपाठ ८५०-९०० आरपीएमवर येणारी स्थिरता ही नेहमीची आहे. ट्रिम आठवडाभरात पुन्हा वर सरकू लागली, तर पहिला दोष सुटला पण त्याच्या मागे दुसरा आहे असे समजून चौथ्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करावी. ही नोंद डॅशबोर्डच्या खणात गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवावी. पुढच्या सर्व्हिसिंगला इंजिनाचे तेव्हाचे आकडे याच आकड्यांशी ताडून पाहता येतात.